दहा मोजेपर्यंत

अंबुबाईला त्या शनिवारी ऑटोत बसायचं नव्हतं. पण गुडघा आठवडाभर ठणकत होता आणि दवाखाना शाळेच्या वाटेवरच होता. मंजुनाथ म्हणाला, "बस गे अव्वा, जाता जाता सोडतो." मंजुनाथ तिचा एकुलता एक मुलगा. त्यांच्या बोगादी वस्तीतल्या सहा मुलांना तो रोज शाळेत न्यायचा आणि सुटली की परत आणायचा. त्या सहांत त्याची स्वतःची मुलगी काव्याही होती, चौथीतली. अंबुबाईनं नातीला मांडीवर घेतलं, पाय आखडून घेतले आणि ऑटो निघाली.

ऑटो बॅटरीवरची होती. घेऊन वर्षही झालं नव्हतं. जुनी पेट्रोलची ऑटो खोकायची, अंग हलवून सोडायची. ही नुसती सरकायची. अंबुबाईला त्याचं कौतुक होतं.

रिंग रोडच्या चौकात सिग्नल हिरवा झाला. मंजुनाथनं ऑटो पुढं घातली. चौकाच्या मधोमध आल्यावर अंबुबाईच्या मनात आलं, ह्यानं इथं वेग का कमी केला? मग कळलं की त्यानं केला नव्हता. समोरच्या पट्टीवरचे आकडे विझले होते. आवाज आधीच नव्हता, त्यामुळं गाडी बंद पडल्याचंही ऐकू आलं नाही. ऑटो चार हात घरंगळली आणि उभी राहिली. तेवढ्यात सिग्नल बदलला. डावीकडून खडी भरलेला टिप्पर सुटला.

अंबुबाईनं काव्याला छातीशी आवळलं. ओरडायला तोंड उघडलं, तर तिच्याआधी मुलंच ओरडली.

"ओंदु! एरडु! मूरु!"

सहाच्या सहा मुलं टाळ्या वाजवून कानडीत आकडे मोजत होती. पुढं मंजुनाथनं चावी बंद केली होती आणि तोही ओठांतल्या ओठांत मोजत होता. त्याच्या मानेवरून घामाची धार उतरत होती. टिप्पर हॉर्न देत आला आणि वळसा घालून गेला. इतक्या जवळून गेला की बाजूचा रेक्झिनचा पडदा उडून अंबुबाईच्या तोंडावर बसला.

"एंटु! ओंबत्तु! हत्तु!"

हत्तु म्हणताच मंजुनाथनं चावी फिरवली. आकडे पेटले. ऑटो जशी थांबली होती तशीच गुपचूप निघाली. मुलांनी जिंकल्यासारखा आरडाओरडा केला.

"भ्यायचं नाही आज्जी," काव्या तिच्या हातातून सुटायला बघत म्हणाली. "दहा मोजले की येते ती. आणि रोज कुठं जाते? कधी कधीच जाते."

अंबुबाईनं नातीला परत मांडीवर ओढून घेतलं. एकदाच घडलेल्या गोष्टीला पोरं टाळ्या वाजवत नाहीत, एवढं तिला त्या दणक्यातही कळलं.

दवाखान्याशी उतरल्यावर तिनं ऑटोचा दांडा सोडला नाही. "मंजा, हे कधीपासून?"

"काय कधीपासून? बॅटरीची गाडी आहे, स्वल्प रुसते मधनंच." तो तिच्याकडं बघत नव्हता. "उशीर होतोय, सोड. संध्याकाळी दृष्ट काढ तिची, बरेच दिवस झाले."

आणि तो मुलांना घेऊन गेला. अंबुबाई पायरीवर उभी राहिली. ऑटो दिसेनाशी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की काव्या अजून तिच्यातच आहे, आणि आपण तिला उतरवून घेतलं नाही. गुडघा विसरून ती शाळेच्या दिशेनं चालू लागली. फाटकाशी पोचली तेव्हा ऑटो रिकामी उभी होती, मंजुनाथ जवळपास दिसत नव्हता आणि आत प्रार्थना चालू होती. रांगेतून काव्यानं तिला बघून हात हलवला. ती डॉक्टरकडं गेलीच नाही. बस धरून घरी आली.

घरी आल्यावर तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात घेतलं.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. पूर्वी महाराजांच्या फौजेत घोडे बाळगणारं घर ते. घोड्याची दृष्ट काढली की आठ दिवसांच्या आत पुन्हा काढायची नाही, असं सासूनं तिला सांगितलं होतं. घोडे गेले, सायकली आल्या, मग ऑटो आल्या, पण रीत तीच राहिली. दिवस चुकू नयेत म्हणून अंबुबाई दृष्ट काढल्या तारखेवर कुंकवाचं बोट टेकवायची. अमावास्येला कोहळा फोडायची तो वेगळा. ही बोटं मंजुनाथनं स्वतः मागितलेल्या दृष्टीची.

जूनपासून आतापर्यंत अकरा बोटं होती.

एकेक बोट बघताना तिला तो एकेक दिवस आठवू लागला. तो सुकलेल्या तोंडानं घरात यायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "अव्वा, गाडीची दृष्ट काढ." तिला वाटायचं, नवी गाडी आहे, गल्लीतल्यांचे डोळे लागतात. ती मनातून सुखावायचीसुद्धा. मीठ-मिरच्या ओवाळायची, चाकाखाली लिंबू ठेवायची. श्रावणात त्यानं चार दिवसांत दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तिनं साफ नाही म्हटलं. रीत नाही म्हणाली. त्या रात्री तो जेवला नव्हता. ताप असेल म्हणून तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला होता.

आता तिच्याच कपाळाला घाम फुटला. प्रत्येक वेळी तो भिऊन आला होता आणि प्रत्येक वेळी तिनं त्याची भीती उतरवून टाकली होती. तिनं दृष्ट काढली म्हणून तो निर्धास्त झाला आणि दुसऱ्या दिवशी सहा मुलं बसवून पुन्हा त्याच चौकातून गेला. अकरा वेळा. तिच्या हातानं.

शनिवारची शाळा अर्धा दिवसच, मंजुनाथ काव्याला फाटकाशी उतरवून तसाच गेला होता. दुपारी सून घरी आली. भव्या विम्याच्या ऑफिसात कामाला होती, शनिवारी लवकर सुटायची. अंबुबाईनं तिला सगळं सांगितलं. भव्या चप्पल न काढताच जमिनीवर बसली.

"मला म्हणाले होते टायर गुळगुळीत झालेत, म्हणून उशीर होतो," ती म्हणाली. "अत्ते, काव्या रोज जाते त्यात."

"मला नको सांगू. मला ठाऊक आहे कोण जातं ते."

भव्या फोनवर काय काय शोधत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याकडं हे सांगता येतं. गाडीत मुळातच दोष असेल तर मालकानं तक्रार नोंदवायची. एकाच जातीच्या गाडीबद्दल पुष्कळ तक्रारी आल्या की ते तपास करतात. खरं निघालं तर कंपनीला सगळ्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्यायला लावतात."

"मग कर की."

"मालकानं करायची असते. त्याच्या फोनवर सहा आकडे येतात, ते घातल्याशिवाय तक्रार पुढं जात नाही." भव्या थांबली. "मालक तुम्ही आहात, अत्ते."

ते खरं होतं. गाडी घेताना ज्योतिष्यानं सांगितलं होतं, ह्या वर्षी मंजुनाथच्या राशीला लोखंड सोसत नाही, आईच्या नावावर घ्या. अंबुबाईनं शोरूममध्ये चार कागदांवर सह्या केल्या होत्या आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आली होती.

संध्याकाळी मंजुनाथ घरी आला तो भांडायच्या तयारीनंच. काव्यानं ऑटोतच त्याला सांगितलं होतं की आज्जी शाळेच्या फाटकाशी आली होती.

"तीनदा नेली शोरूमला," तो म्हणाला. "कॉम्प्युटर जोडतात, बघतात, म्हणतात दोष दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाहीच म्हणे. मग मी काय करू? तिथल्या गंगाधरकाकानंच सांगितलं, चावी बंद कर, दहा मोज, फिरव, येते. येते की नाही? आज आली की नाही?"

"आणि नाही आली तर?"

"तू दृष्ट काढलीस की पंधरा-पंधरा दिवस नीट चालते ती! विचार कुणालाही."

"माझं नाव घेऊ नकोस त्यात," ती म्हणाली. "तुझा बाप अंबाजीराव पोलिसांच्या घोडदळात होता. लंगडणाऱ्या घोड्यावर त्यानं कधी स्वतःच्या पोरालाही बसवलं नाही. तू सहा घरची पोरं बसवतोस."

"मग सोमवारी नको नेऊ? दुसरा ऑटोवाला गल्लीच्या तोंडाशीच उभा आहे. एकदा मुलं गेली की परत येत नाहीत. आणि तक्रार केलीस तर गावभर होईल, ह्याच्या गाडीत पोरांना धोका आहे. ते मिटवता येईल तुला?"

"धोका आहेच की मंजा."

तो उठून बाहेर गेला.

रविवारी सकाळी गंगाधरराव आले. अंबाजीरावांचे चुलत भाऊ, ऑटोच्या शोरूममध्ये दुरुस्तीच्या विभागाचे मुख्य. गाडी घ्यायला त्यांनीच भरीला घातलं होतं. हातात मोगऱ्याचा गजरा आणि केळ्यांचा घड घेऊन आले आणि कॉफीचा पेला घेऊन खुर्चीत टेकले.

"वैनी, घरातली गोष्ट घरात राहावी."

"घरातली असती तर घरात ठेवली असती भावजी. ती रस्त्यावर आहे."

"गाडी तुमच्या नावावर करा असं कुठल्या शहाण्यानं सांगितलं होतं?"

"ज्योतिष्यानं."

"मग त्यालाच विचारा तक्रारीचा मुहूर्त!" गंगाधरराव हसले. कुणी हसलं नाही तसा आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, मी तीनदा तपासली. वरच्यांना लिहिलंसुद्धा. ते म्हणतात पुरावा नाही. तुम्ही सरकारात कळवलंत की ते विचारणार, दुरुस्ती कुणी बघितली? माझं नाव येणार. मला अजून चार वर्षं नोकरी आहे. आणि सगळ्या गाड्या अशा नाहीत वैनी. आपल्याकडून गेलेल्या पाच-सहाच आहेत. बेट्टदपुरला एक आहे, सरगूरला एक आहे. ते लोक चालवतात की सुम्ने, न बोलता."

भव्यानं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. अंबुबाईनं विचारलं, "त्यांनाही तुम्ही दहा मोजायला सांगितलंय?"

गंगाधररावांनी नुसता कॉफीचा घोट घेतला.

"कोण बसतं त्यांच्यात?"

"बेट्टदपुरची देवळाला आलेल्यांना डोंगराच्या पायथ्याशी सोडते."

"आणि सरगूरची?"

त्यांनी पेला खाली ठेवला. कॉफी अर्धी तशीच होती. "अंगणवाडीची पोरं," ते म्हणाले.

गंगाधररावांचा चेहरा उतरला होता. अंबुबाईनं त्यांना असं पूर्वी एकदाच बघितलं होतं, अंबाजीरावांना खांदा देताना. हा माणूसही झोपत नसणार, असं तिला वाटलं. पण त्यामुळं तिला धीर आला नाही, उलट जास्तच भीती वाटली. ज्याला गाडीतलं सगळं कळतं तोच भीत होता.

जाताना ते मंजुनाथला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. त्यानंतर मंजुनाथ जेवायला बसला, पण त्यानं भात नुसता कालवला. दुपारी अंबुबाई जरा आडवी झाली. चारच्या सुमाराला फाटक वाजलं. ती उठून बघते तर ऑटो गेली होती.

"चला अत्ते, करून टाकू," भव्या म्हणाली. काव्या शेजारी चित्र रंगवत होती, तिला आतल्या खोलीत पाठवलं. भव्या स्वतःच्या फोनवर एकेक रकाना वाचून दाखवू लागली. गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, घेतल्याची तारीख. दोष काय? चालत्या गाडीची शक्ती अचानक जाते, आधी कुठलीही सूचना मिळत नाही. केव्हा केव्हा? अंबुबाईनं कॅलेंडर पुढं केलं. भव्यानं कुंकवाच्या अकरा तारखा एकाखाली एक घातल्या आणि कालची बारावी.

"कुणाला इजा झाली का, असं विचारलंय."

"अजून नाही, असं लिही."

"हो किंवा नाही, एवढंच आहे अत्ते."

अंबुबाई त्या दोन शब्दांकडं बघत राहिली. "नाही," ती म्हणाली, आणि देवांकडं न बघता हात जोडले.

भव्यानं बटण दाबलं. "तुमच्या फोनवर आकडे आले असतील. बघा."

अंबुबाईचा फोन देवघराच्या फळीवर असायचा. फळीवर उदबत्तीचा पुडा होता, फोन नव्हता. उशीखाली नव्हता, पिशवीत नव्हता. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मंजुनाथ फोन घेऊन गेला होता.

भव्यानं त्या नंबरला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मंजुनाथच्या नंबरला लावला. तोही वाजत राहिला.

"हट्ट करतायत," भव्या म्हणाली. "मुद्दाम उचलत नाहीत."

अंबुबाईनं मान हलवली. हट्टच असेल. लहानपणापासून त्याचा राग असाच, तोंड मिटून बसायचं. तिनं भव्याला परत लावायला सांगितलं. परत घंटी, परत तेच. पाच वाजून गेले. आलेले आकडे दहा मिनिटांत शिळे होतात असं भव्या म्हणाली, पण आता आकड्यांचं कुणाला काही राहिलं नव्हतं.

घरापासून रिंग रोड फार लांब नव्हता. रविवारच्या शांततेत ट्रकांची घरघर अंगणात ऐकू यायची. आजवर अंबुबाईनं तिच्याकडं कान दिला नव्हता. आता फाटकाशी उभं राहून ती प्रत्येक हॉर्न ऐकत होती. एक हॉर्न लांबलचक वाजला आणि मध्येच तुटला. तिनं फाटकाची सळई घट्ट धरली. पुढं काही ऐकू येतं का म्हणून श्वास रोखून धरला. काहीच आलं नाही. पुन्हा नुसती घरघर.

तो हट्टानं उचलत नसेल, तर देवा, त्याला हट्टच करू दे. आयुष्यभर बोलला नाही तरी चालेल. घंटी वाजते आणि ऐकणारं कुणी नाही, असं नको. फोन खिशात वाजत असेल. खिसा कुठं असेल? ती विचार तोडायला बघत होती आणि तो तुटत नव्हता. फोन रस्त्यावर पडलेला तिला दिसला, शेजारी एक चप्पल.

"लाव," ती ओरडली. "परत लाव!"

आतून काव्या धावत आली. "आज्जी, अप्पा कुठं आहे?"

कुणी उत्तर देईपर्यंत भव्याच्या फोनमधली घंटी थांबली. कुणीतरी उचलला होता. भव्यानं फोन सासूच्या कानाला लावला. पलीकडं गाड्यांचा आवाज होता, माणसाचा नव्हता.

"मंजा?"

"हं."

अंबुबाईनं फाटकाची सळई सोडली. "कुठं आहेस?"

"रिंग रोडला." मग बराच वेळ फक्त ट्रक गेले. "चार वाजल्यापासून फिरवतोय. रिकामी. म्हटलं तुला खोटं पाडावं. संध्याकाळपर्यंत एकदाही गेली नाही असं येऊन सांगावं."

"मग?"

"दोनदा गेली अव्वा. दुसऱ्यांदा परत आलीच नाही. किती मोजलं मी. मागं बस होती. त्या ड्रायव्हरनं कशी वळवली त्यालाच ठाऊक. लोकांनी कडेला ढकलून दिली."

"लागलंय तुला?"

"नाही. फोन वाजत होता, ऐकू येत होता. हात उचलत नव्हता." त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "मी मागं वळून बघितलं. सीट रिकामी होती. तिकडंच बघत बसलो होतो."

अंबुबाईनं पदरानं तोंड पुसलं. काव्या तिला चिकटून उभी होती. पलीकडून एक मोठी गाडी गेली, तेवढा वेळ ती थांबली, मग म्हणाली, "माझा फोन काढ. भव्या परत आकडे पाठवतेय. आले की वाच."

भव्यानं फोन हातात घेऊन स्पीकर लावला आणि बटण दाबलं.

"आले," मंजुनाथ म्हणाला. "चार. शून्य. सात." तो थांबला. "अव्वा, हे एकदा दिलं की परत घेता येणार नाही. काकाचं काय होईल? मला कोण मुलं देईल?"

"मला नाही माहीत," अंबुबाई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं आणि खोटा धीर द्यायचं आता तिच्यात उरलं नव्हतं. "वाच."

"सात. एक. नऊ."

भव्यानं ते आकडे घातले. क्षणभर पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. मग तक्रार नोंदवल्याचं आलं. पलीकडं मंजुनाथच्या हातातला फोन वाजला. तक्रारीचा नंबर त्याच्याकडंच आला होता, आईच्या फोनवर.

"तिच्यात बसू नकोस," अंबुबाई म्हणाली. "लांब उभा राहा. भव्या येतेय. गाडी ओढून आणायला माणूस बघा, चालवत आणू नका."

"हौदु, नाही बसत," तो म्हणाला. "सरगूरच्या गाडीचा तो महादेवराव मला शोरूममध्ये भेटला होता. त्याचा नंबर आहे माझ्याकडं. त्याला आत्ताच फोन करतो. उद्या सकाळी तो पोरं घेऊन निघेल. आणि आपल्या मुलांच्या घरी काय सांगायचं? मला नाही जमणार अव्वा."

"ते मी सांगते."

भव्या स्कूटर घेऊन रिंग रोडला गेली. अंबुबाईनं काव्याचा हात धरला आणि गल्लीत निघाली. पाच घरं होती. पहिलं घर श्रीविद्याचं, शाळेत शिकवणारी ती मुलगी, तिचा धाकटा मंजुनाथच्या ऑटोतून जायचा. अंबुबाई तिच्या दाराशी पोचली आणि घंटीकडं नेलेला हात मागं घेतला. पाय परत फिरायला बघत होते. पाच महिने ह्या बाईनं डब्यात खाऊ भरून पोराला तिच्या घरच्या गाडीत बसवलं होतं. आज ऐकल्यावर ती काय म्हणेल? आणि जे म्हणेल त्यातलं खोटं काय असेल?

तिनं घंटी दाबली.

श्रीविद्या हात पुसत बाहेर आली. "अय्यो आज्जी, या की आत! कॉफी टाकते."

"कॉफी नको पोरी. आधी ऐक." अंबुबाईनं चौकट धरली. "उद्यापासून तुझ्या मुलाला आमच्या ऑटोत पाठवू नकोस. का ते सांगते. सगळं ऐक, आणि मग तुला जे बोलायचं असेल ते मला बोल."

श्रीविद्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. ते जायच्या आत अंबुबाईनं सांगायला सुरुवात केली.